स्पॅनिश शिकण्यासाठी परदेशात जाताना शाळा आणि राहण्याचे घर कसे निवडावे?

अंधेरीकर

नमस्कार. मी अंधेरीतील एका औषध कंपनीच्या नोंदणी विभागात काम करते. आमची औषधे मेक्सिको, कोलंबिया आणि पेरू या देशांत जातात, आणि तेथील कोफेप्रिस, इन्व्हिमा आणि दिहेमिद या नियामक संस्थांकडे जी कागदपत्रे पाठवावी लागतात त्यांचा मोठा भाग स्पॅनिशमध्ये असतो. दादरच्या एका वर्गात शनिवार-रविवार जाऊन मी ए-२ पातळी, म्हणजे भाषेच्या ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांपैकी दुसरी, पूर्ण केली आहे. कागद समोर असला की मला बरेचसे कळते. पण रात्री आठ वाजता, म्हणजे मेक्सिको सिटीत सकाळचे साडेआठ वाजलेले असताना, तेथील सल्लागारांचा फोन आला की समोरचे वाक्य संपेपर्यंत माझ्या हातून त्याचा पूर्वार्ध निसटलेला असतो, आणि उत्तर जुळवेपर्यंत आमचे साहेब संभाषण इंग्रजीकडे वळवतात.

दिवाळीनंतर सुमारे दीड महिन्याची साठवलेली रजा मिळणार आहे. ती एखाद्या स्पॅनिशभाषक शहरात, स्थानिक कुटुंबात राहून, भाषा शिकण्यासाठी खर्च करावी असे मनात आहे. खर्च माझा मीच करणार असल्याने चुकीच्या ठिकाणी पैसे अडकू नयेत, एवढीच काळजी आहे. स्पेनमधील सालामांका, ग्वातेमालातील आंतिग्वा आणि मेक्सिकोतील वाहाका या तीन शहरांपर्यंत माझा विचार आला आहे. कंपनीच्या कामामुळे माझ्या पारपत्रावर अमेरिकेचा वैध व्हिसा आहे. मी अंडे खाते, मासे-मांस खात नाही. अनोळखी घरात इतके दिवस राहायचे म्हणून आईच्या मनात शंका आहेत, आणि खरे सांगायचे तर थोड्या माझ्याही मनात आहेत.

शाळा चांगली आहे हे इथे मुंबईत बसून कसे ओळखावे, घर कसे निवडावे आणि माझ्या कामाचा विचार करता यांपैकी कोणते शहर योग्य ठरेल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

गिरगावकर

तुमचा प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला. नोकरी सांभाळून इतक्या निष्ठेने भाषा शिकणारी माणसे कमी दिसतात. मी सेवानिवृत्तीनंतर सालामांकामध्ये राहून शिकले, त्यामुळे त्या शहराविषयी खात्रीने लिहू शकते.

तेथील विद्यापीठ १२१८ साली स्थापन झाले आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवणे हा त्या गावाचा कित्येक दशकांचा व्यवसायच आहे. त्याचा लाभ असा, की शिक्षक प्रशिक्षित असतात, पातळ्यांची विभागणी नीट असते आणि व्याकरणाचा पाया पक्का होतो. शहर लहान आहे. घरापासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून मुख्य चौकापर्यंत सगळीकडे पायी जाता येते, संध्याकाळी उशिरा एकट्या बाईने चालत परतण्यात मला कधी भीती वाटली नाही. पण नोव्हेंबर-डिसेंबर म्हणाल तर तेथील थंडी हाडांत शिरणारी असते, कारण ते गाव सुमारे ८०० मीटर उंचीच्या पठारावर आहे आणि रात्रीचे तापमान शून्याजवळ येते. घर ठरवताना खोलीतील हीटर दिवसातून किती वेळ चालू ठेवतात, हे आधीच विचारून घ्यावे. आपल्याकडे हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही, आणि तिथे पहिल्याच रात्री तो उभा राहतो.

आता घराविषयी. स्पेनमध्ये दुपारचे मुख्य जेवण दोन ते साडेतीनच्या दरम्यान असते आणि रात्रीचे नऊ-साडेनऊला. शाळा ‘मेदिया पेन्सियोन’ म्हणजे दोन वेळचे आणि ‘पेन्सियोन कोम्प्लेता’ म्हणजे तिन्ही वेळचे खाणे असे दोन दर सांगतात. तुम्ही दुपारचे जेवण घरी मिळेल असाच पर्याय घ्या. वर्ग संपवून घरी आल्यावर टेबलाभोवती जो तासभर जातो, त्यात जितके बोलणे होते तितके दिवसभरात दुसरीकडे कुठेही होत नाही. माझ्या घरमालकीण बाई मसुरीची पातळ आमटी करीत. त्या भागात तीत चोरिसो नावाचे डुकराच्या मांसाचे सॉसेज घालतात. माझ्यासाठी त्या एका लहान पातेल्यात नुसती मसूर, गाजर, तमालपत्र आणि तिखट पिमेंतोनची पूड घालून वेगळी शिजवीत, आणि ढवळता ढवळता मला काल काय काय केले ते सांगायला लावीत. भूतकाळाचे रूप चुकले की पळी पातेल्याच्या काठावर आपटून थांबत, मी वाक्य दुरुस्त केले की पुन्हा ढवळू लागत. त्या स्वयंपाकघराने मला जे दिले ते कोणत्याही पुस्तकातून मिळाले नसते.

शाकाहाराविषयी शाळेला लिहिताना ‘मी शाकाहारी आहे’ एवढे एकच वाक्य लिहू नका. मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, ट्यूना नाही, हॅम नाही आणि या कशाच्याही पाण्यात शिजवलेले सूप नाही, असे एकेक नाव घेऊन लिहा. अंडी, दूध, चीज आणि कडधान्ये चालतात, हेही लिहा. सूपमध्ये हॅमचे हाड घालणे ही तेथील घराघरांतली पद्धत आहे आणि त्यात कोणाचाही तुम्हाला फसवण्याचा हेतू नसतो.

मुलुंडकर

गिरगावकरांनी लिहिलेले घराविषयीचे सर्व मुद्दे मला मान्य आहेत, परंतु तुमच्या कामाकडे पाहता मी स्पेनपेक्षा अमेरिका खंडाकडे झुकेन, कारण फोनवर तुमच्या कानावर तिकडचेच उच्चार पडणार आहेत. मी आंतिग्वामध्ये आणि नंतर वाहाकामध्ये शिकलो आहे.

आंतिग्वाची खरी ताकद म्हणजे तेथे एका विद्यार्थ्यामागे एक शिक्षक असतो. अंगणात किंवा पत्र्याच्या छपराखाली लहान लहान टेबले मांडलेली असतात, प्रत्येक टेबलाशी समोरासमोर दोन खुर्च्या, आणि रोज चार ते पाच तास तुम्ही त्या एकाच माणसाशी बोलत असता. वर्गात दहा जण असले की गप्प बसून वेळ काढता येतो. इथे तशी सोय नाही. तुमची अडचण वाचण्याची नाही, बोलण्याची आहे, म्हणून ही पद्धत तुम्हाला फार उपयोगी पडेल. कामाची कागदपत्रे, त्यांतील गोपनीय मजकूर काढून, बरोबर न्या आणि शिक्षकाला सांगा की मला यावरच संभाषण करायचे आहे. एकटाच विद्यार्थी असल्याने शिक्षक आनंदाने अभ्यासक्रम वळवतात. खर्चही स्पेनच्या मानाने बराच कमी पडतो. तेथील कुटुंबे साधारणपणे आठवड्याचे सहा दिवस तिन्ही वेळचे जेवण देतात, रविवारी मात्र आपली सोय आपण करायची असते. काळा घेवडा, मक्याच्या भाकऱ्या, अंडी आणि तळलेली केळी हा रोजचा आहार असल्याने शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. फक्त घेवडा चरबीत परततात का, एवढे विचारावे. नळाचे पाणी पिऊ नये; घरात मोठ्या बाटलीतले पाणी ठेवलेले असते.

आंतिग्वाची उणी बाजूही सांगतो. १७७३ च्या भूकंपापूर्वी ते राजधानीचे शहर होते, १९७९ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे, आणि त्यामुळे रस्त्यावर पर्यटकांची इतकी गर्दी असते की दुकानदारसुद्धा तुमच्याशी इंग्रजीत सुरुवात करतात. माझ्या पहिल्या घरात तर एकाच वेळी आम्ही पाच विद्यार्थी होतो. जेवणाच्या टेबलावर सगळे आपापसांत इंग्रजीत बोलत, यजमान कुटुंब स्वतः वेगळे, नंतर जेवत असे, आणि आमचा संबंध ताट वाढण्यापुरता उरला होता. शाळेकडे तक्रार केल्यावर ‘हे सर्वांनाच आवडते’ असे उत्तर मिळाले. मी आठवड्याच्या शेवटी घर बदलले आणि त्यानंतरच माझे शिक्षण सुरू झाले असे म्हणावे लागेल. त्यामुळे घरात एका वेळी किती विद्यार्थी असतात आणि कुटुंबातले लोक विद्यार्थ्यांबरोबर जेवतात का, हे दोन प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. शांत पर्याय हवा असेल तर त्याच देशातील केत्साल्तेनांगो हे शहर पाहा. तिथे इंग्रजी फार कमी कानावर पडते, मात्र ते २,३०० मीटरपेक्षा उंच असल्याने नोव्हेंबरमध्ये रात्री चांगलीच थंडी असते.

व्हिसाच्या दृष्टीने तुमच्यासाठी मेक्सिको सर्वांत सोपे आहे. पारपत्रावर अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना तेथे पर्यटक म्हणून जाण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. किती दिवस राहू द्यायचे हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, कमाल मर्यादा १८० दिवसांची आहे. म्हणून शाळेचे पत्र, परतीचे तिकीट आणि राहण्याचा पत्ता हातात तयार ठेवा. ग्वातेमालासाठी त्यांच्या दिल्लीतील दूतावासाला ईमेल करून नियम लेखी मागवा. अमेरिकेतून नुसते विमान बदलायचे असले तरी तेथील व्हिसा लागतो, पण तो तुमच्याकडे आहेच.

आणखी एक गोष्ट, जी मुंबईतले प्रवासी एजंट अनेकदा सांगायला विसरतात. जाता-येता कोलंबिया किंवा पेरूला भेट द्यायचा मोह झाला, तर भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते, नाहीतर विलगीकरणात ठेवतात. ती लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि सरकारमान्य केंद्रांतच मिळते. मुंबईत बंदर आणि विमानतळ यांच्या आरोग्य कार्यालयांत ती सोय आहे. मेक्सिको, ग्वातेमाला आणि स्पेन यांना हा नियम लागू नाही.

ठाण्याची शिक्षिका

मी गेली अनेक वर्षे स्पॅनिश शिकवते आणि माझे विद्यार्थी या तिन्ही देशांत जाऊन आलेले आहेत. वरच्या दोन्ही उत्तरांत मोलाची माहिती आहे, परंतु शाळा पारखावी कशी या तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर अजून राहिले आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहिते.

सर्वप्रथम मान्यता पाहा. स्पेन सरकारची इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही संस्था १९९१ साली स्थापन झाली. ती आल्काला विद्यापीठाच्या सहकार्याने स्पॅनिशच्या शाळांची तपासणी करते आणि मान्यताप्राप्त शाळांची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवते. स्पेनमधील शाळेचे नाव त्या यादीत नसेल तर मी विद्यार्थ्यांना पुढे जाऊ देत नाही. लॅटिन अमेरिकेतही अशा काही शाळा आहेत, मात्र तिथल्या अनेक चांगल्या लहान शाळा या यादीत नसतात, त्यामुळे तेथे मान्यतेपेक्षा पत्रव्यवहारावरून पारख करावी लागते. शाळेला स्पॅनिशमध्येच पत्र लिहा. उत्तर किती दिवसांत येते, तुमच्या प्रश्नांना एकेक करून उत्तर दिले आहे की छापील माहितीपत्रक चिकटवले आहे, यावरून पुष्कळ कळते.

दुसरी बाब तासांची. ‘आठवड्याला २० तासिका’ असे लिहिलेले असते, पण तासिका ४५ मिनिटांची असेल तर प्रत्यक्षात १५ तासच होतात, आणि ५५ मिनिटांची असेल तर १८ तासांहून अधिक. दर आठवड्याच्या शुल्काची तुलना करण्यापूर्वी प्रत्येक शाळेचे शुल्क प्रत्यक्ष ६० मिनिटांच्या तासावर आणा. स्वस्त वाटणारी शाळा पुष्कळदा त्यात महाग निघते. तसेच वर्गात तुमच्या पातळीचे एक-दोनच विद्यार्थी असले तर शाळा तास कमी करते का, आणि सार्वजनिक सुट्टीचा बुडालेला तास भरून देते का, हे नियमांच्या बारीक अक्षरांत असते. नोव्हेंबर-डिसेंबर हा मंद हंगाम असल्याने हे दोन्ही प्रसंग तुमच्या वाट्याला येऊ शकतात. नोंदणी शुल्क सहसा परत मिळत नाही. व्हिसा नाकारला गेल्यास उरलेली रक्कम किती दिवसांत परत मिळेल, याचे स्पष्ट कलम असल्याशिवाय बँकेतून पैसे पाठवू नका.

स्पेनचा विचार कायम ठेवणार असाल तर दीड महिन्यासाठी शेंगेन, म्हणजे युरोपातील अनेक देशांचा सामाईक, अल्पकालीन व्हिसा पुरेसा आहे. त्यावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे लागते. मुंबईत भेटीची वेळ मिळण्यास उशीर लागतो, विशेषतः दिवाळीच्या सुमारास, त्यामुळे पावसाळ्यातच सुरुवात करा.

उच्चारांविषयी मुलुंडकर यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. तुमच्या कानावर मेक्सिको आणि पेरूची भाषा पडणार हे खरे, पण सालामांकात शिकलेल्या व्यक्तीला ती कळत नाही असे मुळीच नाही. स्पेनमध्ये काही अक्षरे दातांत जीभ धरून उच्चारतात आणि ‘तुम्ही’साठी एक वेगळे रूप वापरतात, हे फरक आठवड्याभरात अंगवळणी पडतात. कान तयार होतो तो ऐकण्याच्या तासांनी, आणि ते तास घरातच भरतात. म्हणूनच माझा सल्ला असा, की शहर निवडून मग मिळेल ते घर घेण्याऐवजी, जी शाळा घराविषयीच्या प्रश्नांना पूर्ण उत्तरे देते तिचे शहर निवडावे. घरात कोण कोण राहते, संध्याकाळी प्रत्यक्ष घरी कोण असते, दुसरा विद्यार्थी असेल तर तो कोणत्या भाषेचा, पहिल्या आठवड्यानंतर घर बदलायचे झाल्यास दंड आहे का, रात्री स्वतःची किल्ली मिळते का, कपडे आठवड्यातून किती वेळा धुऊन मिळतात, आणि शाळेचा माणूस त्या घरी शेवटचा केव्हा जाऊन आला, हे सर्व विचारा. ‘कुटुंब’ या नावाखाली अनेकदा खोल्या भाड्याने देणारी एकटी व्यक्ती असते. त्यात वाईट काही नाही, उलट अशा घरमालकिणी सर्वांत जास्त बोलतात. पण ती व्यक्ती दिवसभर नोकरीला आणि संध्याकाळी बाहेर असेल तर तुम्ही भिंतींशी बोलणार.

आईंच्या काळजीबद्दल एवढेच सांगेन, की निघण्यापूर्वी यजमानांशी एकदा व्हिडिओवर बोलण्याची विनंती शाळेला करा आणि त्या वेळी आईंना शेजारी बसवा. बहुतेक शाळा हे मान्य करतात. कोणी स्पष्ट नकार दिला, तर ती शाळा सोडून द्यावी.

अंधेरीकर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. इतक्या तपशिलाने कोणी लिहील अशी अपेक्षा नव्हती. हे सर्व वाचून वाहाकाकडे कल झुकतो आहे, कारण व्हिसाची अडचण नाही आणि सल्लागारांशी रोजचा संबंध मेक्सिकोशीच आहे. वाहाकाविषयी मुलुंडकर यांनी थोडे अधिक लिहावे, आणि परत आल्यावर कोणती परीक्षा द्यावी हे शिक्षिकाताईंनी सांगावे, ही विनंती.

मुलुंडकर

वाहाका सुमारे १,५५० मीटर उंचीवर आहे. पावसाळा ऑक्टोबरपर्यंत सरतो, त्यामुळे तुमच्या दिवसांत हवा कोरडी, दुपारी ऊबदार आणि रात्री शाल लागेल एवढी गार असते. दिवंगतांचा सण नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत असतो आणि त्या आठवड्यात संपूर्ण शहरातली घरे भरलेली असतात. तो संपल्यावर पोहोचलात तर यजमानांकडे तुमच्यासाठी वेळ असेल. डिसेंबरच्या १६ तारखेपासून नाताळापर्यंत गल्लोगल्ली पोसादांच्या, म्हणजे नाताळपूर्व उत्सवाच्या, मिरवणुका निघतात. शाळांचे वर्ग तेव्हा कमी होतात, म्हणून अभ्यासाचे आठवडे त्याआधी संपवा आणि शेवटचे दिवस नुसते कुटुंबाबरोबर घालवा.

वाहाकामधील शाळांत सहसा लहान गट असतात. सकाळी गटाचा वर्ग आणि दुपारी एक-दोन तास स्वतंत्र शिक्षक, अशी जोड मागितली तर बहुतेक ठिकाणी मिळते, आणि ते दुपारचे तास तुम्ही फोनवरच्या संभाषणाच्या सरावासाठी राखून ठेवा. शिक्षकाला खरोखरच दुसऱ्या खोलीत बसून फोन करायला सांगा. चेहरा दिसत नसताना ऐकणे ही वेगळीच कसोटी आहे. खाण्यात भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात आणि त्लायुदा नावाच्या मोठ्या कुरकुरीत भाकरीवर डुकराच्या चरबीचा थर लावतात, तो लावू नका असे आधीच सांगावे लागते. केसियो नावाचे दोऱ्यासारखे सुटणारे चीज, काळा घेवडा आणि चॉकलेट घातलेले गरम पेय या गोष्टी मात्र निःशंक खा-प्या. विजेचे सॉकेट चपट्या पिनांचे आणि दाब कमी असतो, तेव्हा चार्जर तपासून न्या.

ठाण्याची शिक्षिका

स्पॅनिशची पातळी ठरवणाऱ्या परीक्षांमध्ये देले आणि सिएले हे दोन पर्याय आहेत. देलेचे प्रमाणपत्र कायमस्वरूपी असते, पण परीक्षा ठराविक तारखांनाच होते, नोंदणी कित्येक आठवडे आधी बंद होते आणि निकालाला काही महिने लागतात. सिएले संगणकावर होते, निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो, प्रमाणपत्र पाच वर्षे ग्राह्य असते आणि तोंडी भाग स्वतंत्रपणेही देता येतो. तुम्हाला कंपनीत दाखवायचे आहे ते बोलण्याचे कौशल्य, म्हणून आधी सिएलेचा तोंडी भाग द्या. बी-१ पातळीचा निकाल आला तर पुढच्या वर्षी देलेच्या बी-२ ची तयारी करू. शाळेला लिहिण्याचे स्पॅनिश पत्र तयार झाले की इथेच टाका, मी तपासून देईन.